खाली टाकी

दमयंतीबेनना ‘हो’ म्हटलेलं खपायचं नाही. कारखान्यात नवा माणूस लागला, त्यांनी जीव तोडून त्याला सगळं समजावलं, आणि त्याने मान डोलावून ‘हो बेन’ म्हटलं की त्यांचा पारा चढलाच. “हो काय हो? मी काय बोलले ते सांग.” मग तो बिचारा माझ्याकडे बघायचा, छताकडे बघायचा, आपल्याच बुटांकडे बघायचा. तोवर बेनची या पायावरून त्या पायावर कितीदा तरी ये-जा झालेली असायची. एका जागी उभं राहणं त्यांच्या नशिबातच नव्हतं.

आमचा कारखाना हायवेला लागून, अच्छाडच्या चेकनाक्याच्या अलीकडे. कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं तिथं बनतात. मी प्रयोगशाळेत, काचेच्या नळ्यांमध्ये आयुष्य घालवणारा माणूस. त्या सुरक्षा अधिकारी. आडनाव तांडेल, घर डहाणूच्या किनाऱ्यावर, भाऊ अजून होडी घेऊन जातो. पण मालक पलीकडचे, गुजरातेतले, त्यामुळे रुजू झाल्या दिवशीच त्यांची दमयंतीबेन झाली आणि पुढच्या आठवड्यात सेफ्टीबेन. त्यांची आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. “आईला माइक लागत नव्हता, मला कशाला?” असं म्हणून त्यांनी ऑफिसने दिलेला हातातला भोंगा माझ्या कपाटावर टाकून दिला. तो अजून तिथंच आहे. बेनचा आवाज बॉयलरच्या वर चढून ऐकू यायचा. मी दार लावून बसलो तरी यायचा, आणि मला फार राग यायचा.

डहाणूहून कंपनीची बस निघते. त्या बसमध्ये बेन कधी धड बसल्याचं मला आठवत नाही. मागच्या बाकावर कोण खोकला, कोणाच्या बुटाचा तळ उघडा पडलाय, कोणी ड्यूटीचे कपडे घरी धुवायला नेलेत, सगळी चौकशी चालू. ड्रायव्हर ओरडायचा, “बेन, बसा! सेफ्टीवालीच पडली तर मला जेलात घालतील!” मग चारोटीपर्यंत त्या कशाबशा बसायच्या. विवळवेढ्याला हायवेवरून महालक्ष्मीला हात जोडायला म्हणून उठल्या की तळासरी येऊन गेली तरी उभ्याच. आणि नाक सतत चालू. चहासुद्धा हुंगून प्यायच्या. माझ्या डब्यातली भाजी हुंगून “जिरं करपलं” असं सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. बायकोला हे घरी सांगितलं तेव्हा तिने माझ्याशी बोलणंच टाकलं.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये गोळा केलं. आधीचे सुरक्षावाले साहेब इंग्रजी कागद धरून खाली मान घालून वाचत, शेवटी “समज्या ने?” विचारत, सगळे एका सुरात “हा” म्हणत आणि चहा येई. बेननी कागद आणलाच नाही. ॲसिडचा थेंब डोळ्यात उडाला तर काय काय होतं ते त्यांनी असं सांगितलं की माझेच डोळे चुरचुरायला लागले. मग पुढच्या बाकावरच्या लहानूला उभं केलं.

लहानू कैनाडचा. घरची थोडी भातशेती, बाकी काम आमच्याकडे. शांत, कष्टाळू, आणि कोणी काहीही विचारलं तरी ‘हो’ म्हणणारा. बेनना सगळे ‘बेन’ म्हणायचे, हा एकटा ‘बाय’ म्हणायचा.

“सांग, काय करायचं?”

“चष्मा लावायचा, बाय.”

“शाब्बास! कशाला?”

“तपासणीचं साहेब येतात म्हणून.”

कँटीन हसून हसून लोळलं. बेन हसल्या नाहीत. “म्हणजे साहेब आले नाहीत तर तुझे डोळे गेले तरी चालतील?”

लहानू सवयीने म्हणाला, “हो, बाय.”

तेव्हापासून बेननी लहानूचा पिच्छाच पुरवला. जिथे भेटेल तिथे अडवायच्या. “एकदा तरी म्हण रे, ‘नाही समजलं’. जीभ झडणार नाही तुझी.” तो लाजून हसायचा. एकदा मात्र बोलला. “असा कसा बोलू, बाय? जयेशभायला एकदा विचारला, काय बोल्लात? तर बोलतो, एवढं पण समजत नाय तर घरी जा.” जयेशभाई आमचे शिफ्टचे सुपरवायझर. सीमेपलीकडच्या भिलाडचे, मनाने वाईट नाहीत, पण तोंडाने फटकळ आणि कायम घाईत. बेन तडक त्यांच्याकडे गेल्या. जयेशभाई म्हणाले, “बेन, मी एकेकाला दोनदा सांगत बसलो ने, तर माल संध्याकाळपर्यंत निघेल का?” तो विषय तिथेच राहिला. माणसांना सुधारायचा नाद वाईट, असं मी बेनना बसमध्ये सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग लहानूच्या मुलीचं लग्न आलं. कारखान्यातले आम्ही काही जण कैनाडला गेलो. मांडव भरलेला, तारप्याचा सूर लागलेला, वातावरण कसं मस्त होतं. बेन मांडवात शिरल्या आणि थांबल्या. पिण्याचं पाणी एका निळ्या डब्यात भरून ठेवलं होतं. डबा आमच्याच कारखान्यातला. त्यावर कवटी आणि दोन हाडं ठळक छापलेली, चित्र पाहुण्यांकडे तोंड करून.

“हे चित्र कसलं आहे गं?” त्यांनी लहानूच्या बायकोला विचारलं.

ती कौतुकाने म्हणाली, “खोपडी मार्का हाय, बाय. हा डबा लय टिकतो. उन्हात ठेवला तरी तडकत नाय. भंगारवाला पण बोलतो, घ्यायचा तर खोपडी मार्काच घे, दुसरा घेवू नको.”

आम्ही शिकलेली माणसं ते चित्र बघून घाबरायची, आणि इथे तो चांगल्या मालाचा शिक्का ठरला होता. मला हसू आवरेना. बेननी मात्र पदर खोचला आणि डबाच लवंडला. ऐन लग्नात भरलेलं पाणी ओतलं म्हणून म्हाताऱ्या बायका खवळल्या. एकीने तर बेनच्या सात पिढ्या काढल्या. बेन ऐकून घेत हातपंपावर गेल्या आणि बायकांच्या रांगेत उभ्या राहून हंडे भरायला लागल्या. नेसूची नवी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. परतताना त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, “चित्र काढणाऱ्याला वाटलं असेल, आता काम झालं.”

दुसऱ्या दिवसापासून गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रिकाम्या डब्याला भोक पडायला लागलं. पाड्यावरच्या बायका भांडायला गेटवर आल्या, कारण पाणी साठवायला दुसरं काही नव्हतं आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. बेननी मालकांच्या मागे लागून लागून त्यांना नवे स्वच्छ डबे मिळवून दिले. मालक मला म्हणाले, “आ बेन सेफ्टी ऑफिसर छे के म्युनिसिपालिटी?”

त्याच सुमारास त्यांनी कँटीनच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी कापडी पिशवी लावली. वारा वाहतो तिकडे ती फुगून आडवी होते. गॅस सुटला तर तिच्याकडे बघायचं आणि वाऱ्याबरोबर पळायचं नाही, बाजूला व्हायचं, हे त्या रोज घोकून घ्यायच्या. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘बेनचा लेंगा’. बेनना त्या नावाचा भयंकर संताप. “विंडसॉक म्हणा, नाहीतर वाऱ्याची पिशवी म्हणा, लेंगा काय म्हणता मेल्यांनो?” जितक्या चिडायच्या तितका लेंगा पक्का होत गेला.

अपघात झाला तो उन्हाळ्यात, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. एका मचाणावरच्या टाकीत वापरलेलं ॲसिड होतं, ते काढून टाकायचं होतं. मचाणावरच शेजारी एक टाकी त्या दिवशी रिकामी होती. मचाणाखाली, जमिनीवर दुसरी टाकी होती, तिच्यात आदल्या दिवशी हायपो भरून ठेवलेला. हायपो म्हणजे ब्लीचिंगचं पाणी. त्यात ॲसिड पडलं की जो वायू निघतो, तो माणसाचं फुफ्फुस आतून जाळतो. टाकीला लेबल होतं, इंग्रजीत.

जयेशभाईंनी लांबून हाळी दिली, “लहानू! खाली टाकीमां छोड!”

लहानू म्हणाला, “हो!”

आता गंमत बघा. गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. जयेशभाईंनी शेजारच्या रिकाम्या टाकीत सोडायला सांगितलं होतं. लहानूच्या कानाला खाली म्हणजे खालीच. त्याने नळी खालच्या टाकीत सोडली. आमच्या या सीमेवर दोन्ही भाषा एकाच चहाच्या टपरीवर नांदतात. सगळ्यांना सगळं समजतं असं सगळे धरून चालतात, मीही धरून चालत होतो.

मी खिडकीतून पाहिलं तेव्हा पिवळट हिरवा धूर मचाणाखालून जमिनीलगत पसरत होता. लोक गेटकडे पळत सुटले. वारा समुद्राकडून होता आणि गेटकडेच चालला होता. धूर त्यांच्या पाठोपाठ निघाला. बेन तोंडाला मास्क लावून मचाणाकडे धावल्या, लहानूला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. आणि मग त्यांनी गेटकडे धावणारी माणसं पाहिली. त्या ओरडल्या, पण मास्कमधून नुसती घरघर ऐकू आली.

त्यांनी मास्क काढला.

“लेंगा बघा रे! लेंगा बघा!”

विंडसॉक नाही, वाऱ्याची पिशवी नाही. लेंगा. डहाणूच्या बाजारातला तो आवाज पुऱ्या आवारात फिरला. पळणारी माणसं जागच्या जागी थांबली, माना वर झाल्या, आणि सगळी कँटीनच्या बाजूला वळली. बेन ओरडतच राहिल्या, शेवटचा माणूस वळेपर्यंत. मग खोकत खाली बसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच एका जागी बसलेलं पाहत होतो, आणि मला ते बघवेना.

कोणी दगावलं नाही. लहानूला वापीच्या दवाखान्यात ठेवलं, तो जगला, पण चार पावलं भरभर चालला की धाप लागते ती कायमची. बेनही बऱ्या झाल्या. आवाज मात्र गेला. राहिलं ते घोगरं पुटपुटणं, समोरच्यालाही कान देऊन ऐकावं लागेल असं.

चौकशीला कंपनीने बाहेरून एक साहेब बोलावले. मराठी, अभ्यासू, स्वभावाने सभ्य माणूस. बैठकीत बेन होत्या, जयेशभाई होते, आणि वायूच्या नोंदी माझ्याकडे होत्या म्हणून मीही होतो. लहानूला समोर उभं केलं होतं. साहेबांनी विचारलं, “जयेशभाईंनी काय करायचं ते तुला सांगितलं होतं?”

“हो, साहेब.”

“तुला ते समजलं होतं?”

“हो, साहेब.”

“मग चूक तुझी आहे, असंच म्हणायचं ना?”

“हो, साहेब.”

साहेबांनी पेन उचललं. अहवालात कामगाराची चूक आली की लहानूची नोकरी जाणार, औषधपाणी त्याचं त्याच्यावर पडणार, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि तो स्वतःच्या तोंडाने, तीन ‘हो’ म्हणून, स्वतःला घरी पाठवत होता.

बेन उठल्या. टेबलावर चहा आला होता. त्यांनी एक रिकामा ग्लास टेबलावर ठेवला. दुसऱ्या ग्लासात पाणी भरून तो टेबलाखाली, साहेबांच्या पायापाशी ठेवला. मग आपला भरलेला कप साहेबांच्या हातात दिला आणि पुटपुटल्या, “साहेब, हा चहा खाली ग्लासात ओता.”

साहेब कप घेऊन टेबलाखाली वाकले. त्याच क्षणी जयेशभाईंनी वरचा रिकामा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला. दोघंही तसेच थांबले. साहेब अर्धवट वाकलेले, म्हणाले, “नक्की कुठल्या?”

“विचारलंत ना,” बेन म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता, पण खोलीत पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. “लहानूने त्या दिवशी हेच विचारलं असतं तर काय झालं असतं, ते जयेशभाईंना विचारा.”

जयेशभाईंनी पुढे सरकवलेला ग्लास मागे ओढला. दवाखान्याच्या जिन्यात मी त्यांना रडताना पाहिलं होतं, पण इथे बोलतील असं मला वाटलं नव्हतं. “शिवी दिली असती, साहेब,” ते म्हणाले. “बीजूं शूं, दुसरं काय? शिवीच दिली असती.”

लहानूची नोकरी राहिली. उपचार कंपनीने केले आणि त्याला गेटपाशी झाडांना पाणी घालायचं हलकं काम दिलं. टाक्यांना नावं द्यायचं बेननी कामगारांवरच सोपवलं. ॲसिडची झाली विंचू, हायपोची म्हैस, आणि मचाणावरची दुसरी, रिकामी, ती बगळा. टाकीएवढी मोठी चित्रं रंगवली गेली. “विंचू बगळ्यात सोड” म्हटलं की हसू येतं, पण चूक करायला जागा नाही. ‘खाली’ या शब्दाला तर आवारात बंदीच झाली. कोणाच्या तोंडून निघालाच तर आजूबाजूचे सगळे एकदम ओरडायचे, “खालची की रिकामी?” कँटीनमधला पोऱ्या “प्लेट खाली झाली का?” म्हणाला तरी तेच. आता माझ्या घरीही मुलं तसंच ओरडतात.

बेनना मात्र कारखाना सोडावा लागला. डॉक्टरांनी त्या हवेत राहायला बंदी केली. निरोपसमारंभात त्या पुष्पगुच्छ हातात घेऊन खुर्च्यांमधून फिरत होत्या, कोणाचे बूट, कोणाचे हातमोजे तपासत. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. भिंतीवर मोठा टीव्ही लावून छान रंगीत फिल्म दाखवतो. फिल्म संपली की विचारतो, “समझ गये सब?” सगळे म्हणतात, “हाँ.” मी त्याला एकदा बेनची पद्धत सांगून पाहिली. तो म्हणाला, “हो सर.” म्हशीचं एक शिंग आता उडालंय. कोणी रंग मारायला जात नाही, आणि मी येता-जाता ते बघून अस्वस्थ होतो.

मागच्या वर्षी पावसाळ्याआधी सुक्या बोंबलाची बेगमी करायला मी डहाणूच्या किनाऱ्यावर गेलो होतो. बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना बोंबील लटकत होते, वारा भन्नाट सुटला होता. भावजयीच्या मदतीला जाऊन बेन बोंबील उतरवत होत्या, एका दोरीवरून दुसरीकडे, तिसरीकडे. त्यांना हाक मारणार इतक्यात मला लहानू दिसला. तोही कैनाडहून सुकं घ्यायला आला होता. दम खात वाळूत उभा, हातात कापडी पिशवी.

बेननी त्याच्या पिशवीत बोंबील टाकायला हात घातला आणि नाक वर केलं. आतून एक बाटली काढली. बाजारातून घेतलेली, वांग्यांवर मारायची कीडनाशकाची बाटली. बोंबील आणि ती एकाच पिशवीत घरी निघाली होती. बेनचा चेहरा मी लांबूनही ओळखला. बाटली एका हातात, बोंबील दुसऱ्या हातात धरून त्या त्याला सांगायला लागल्या. ओठ हलत होते, हात हलत होते, वाऱ्याची दिशा दाखवून झाली, तोंडावर फडकं बांधून दाखवून झालं. त्या घोगऱ्या पुटपुटण्यातलं काही माझ्यापर्यंत पोचेना, सगळं वारा घेऊन जात होता.

लहानू मान वाकवून ऐकत होता. मला वाटलं, आता हा म्हणणार, ‘हो, बाय’. आणि पिशवी उचलून चालायला लागणार.

त्याने मान हलवली. कान त्यांच्या तोंडाजवळ नेला आणि धापा टाकत मोठ्याने म्हणाला, “नाय समजला, बाय. परत सांग.”

बेननी दोन्ही हातांतलं सामान वाळूत ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.